तंगूस, तात आणि कोंडोपंत एडके

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, वाघ होता, आणि वाघ जेवून झोपला की शांतताही होती. नव्हतं ते फक्त संगीत. त्यामुळे सगळ्यांचं बरं चाललं होतं.

मग एकदा सहलीला आलेली माणसं जाताना एक युकुलेले विसरून गेली. युकुलेले म्हणजे काय ते विचारू नका. गिटारला मूल झालं तर ते जेवढं असेल, तेवढं ते असतं. पोट लाकडी, मान आखूड आणि तारा चारच. वाघाने ते हुंगलं आणि खाण्यासारखं नाही म्हणून सोडून दिलं. माकडाने ते घेऊन पाठ खाजवली. शेवटी ते खारूताईच्या ताब्यात गेलं, कारण तिच्या बोटांना सतत काहीतरी चाळा लागतो.

मूळच्या तारा लवकरच तुटल्या. खारूताई रडत बसली नाही. ओढ्याकाठी गळ टाकून बसणारे लोक तंगुसाचे तुकडे तिथेच फेकून जात. तंगूस म्हणजे मासे धरायची ती नायलॉनची चिवट दोरी. खारूताईने ते तुकडे खुंट्यांना गुंडाळले, पिळले, सुरात आणले आणि वाजवायला घेतलं. रानडुकरं सहकुटुंब नाचत, इतपत चांगलं वाजत असे. रोज संध्याकाळी जांभळीखाली मंडळी जमायची, ऐकायची आणि घरी जायची. ऐकल्यावर ‘छान’च्या पलीकडे काही बोलायचं असतं, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

ते शिकवलं कोंडोपंत एडक्यांनी.

एडका म्हणजे मेंढीचा नवरा. जंगलात मेंढ्या कुठून आल्या असा प्रश्न ज्याला पडला असेल, त्याने उठून बाहेर जावं. कोंडोपंत अंगाने गुबगुबीत होते, शिंगं डौलदार वळलेली होती आणि डोक्यात फारसं काही नव्हतं. ते नेहमी कड्याखालच्या सावलीत बसून कोवळी हरळी खात. पळणं त्यांना हलकटपणाचं वाटे. त्यांची बायको धुरपदा उन्हातान्हात कोकरं हिंडवायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या लोकरीतली कुसळं काढायची.

एका संध्याकाळी कोंडोपंत सभेला उशिरा पोचले. वाजवून संपलं होतं. वाहवा करून झाली होती. ‘छान’, ‘फार छान’, ‘काय सुंदर’ हे सगळे शब्द दुसऱ्यांनी वापरून टाकले होते. कोंडोपंतांना काही उरलंच नव्हतं. तेव्हा ते मान तिरकी करून म्हणाले, “बरं आहे. पण तार जरा बद्द वाटते.”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

बद्द म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. कोंडोपंतांनाही नव्हतं. पण सगळ्यांना आपापलं अज्ञान आठवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलांनो, जाणकार असाच जन्माला येतो. त्याला बारा वर्षं गुरूच्या घरी पाणी भरावं लागतं, ही अफवा पाणी भरणाऱ्यांनी पसरवलेली आहे.

त्या दिवसापासून कोंडोपंतांना पुढची जागा मिळू लागली. ससा त्यांचा शिष्य झाला. लांब कान असून आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं, याचं त्याला दुःख होतं. आता तोही डोळे मिटून म्हणू लागला, “दुसऱ्या तारेत मला थोडी पोकळी जाणवते.” गाढव तेवढं प्रामाणिकपणे म्हणालं, “मला बुवा काही फरक कळत नाही.” त्याला सभेतून काढून टाकण्यात आलं.

आता या जंगलात एक तरसही राहत होतं. तरसशेठ. मेलेलं जनावर दिसलं की शेठ ते घरी नेत, मांस खात आणि आतडी गुहेमागे फेकून देत. ‘तार बद्द आहे’ हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी ती आतडी धुऊन, पिळून, उन्हात ताणून वाळवली. आतड्याच्या अशा तारेला तात म्हणतात. शेठ चार ताती घेऊन सभेत आले आणि कमरेत वाकून म्हणाले, “पंत, आम्ही अडाणी माणसं. आपण जरा कान लावून बघता का?”

‘आपण’ म्हटल्यावर कोंडोपंत विरघळले. खारूताईने कुरकुरत तंगूस काढला आणि ताती चढवल्या. छेडल्या. कोंडोपंतांनी डोळे मिटले.

“वा!” ते म्हणाले. “याला म्हणतात नाद! काय गोलाई आहे! तंगूस म्हणजे नुसता करकरीत. यात ओलावा आहे. कसा घरच्यासारखा वाटतो.”

“घरच्यासारखा वाटंल न्हाई तर काय,” मागून धुरपदा म्हणाली. “परवा कड्यावरनं पडली ती आपली थोरली जाऊबाई हाय ती.”

सभेत जरा चुळबुळ झाली. कोंडोपंतांनी बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. “कलेत नाती आणू नयेत,” ते म्हणाले. सशाने हे वाक्य लगेच पाठ केलं.

मग तुलना सुरू झाल्या. मुलांनो, एकदा तुलना सुरू झाली की ऐकणं बंद होतं, कारण दोन्ही कामं त्याच कानांनी करायची असतात. रोज तारा बदलायच्या. ही चढव, ती उतरव. ढगाळ हवेत तात सैल पडते, मग पुन्हा पीळ. नवी तार मुरायला चार दिवस लागतात, पण चार दिवस गप्प बसायला सवड कुणाला होती? खारूताई दिवसभर खुंट्या पिळत बसायची आणि संध्याकाळी कसंबसं एक गाणं वाजवायची. तेही मध्येच थांबवून ससा विचारायचा, “आस, म्हणजे तो मागचा घुमारा, किती वेळ टिकली, कुणी पाहिलं का?” रानडुकरं नाचेनाशी झाली. एकदा त्यांनी पाय हलवले तर त्यांच्याकडे अशा नजरेने पाहण्यात आलं की बिचारी चिखलात जाऊन बसली.

“ही तार ढिली पडते,” कोंडोपंत एकदा म्हणाले. “म्हाताऱ्या जनावराच्या तातीला ताण सोसत नाही.”

“म्हणजे तरणं पाहिजे,” तरसशेठ नम्रपणे म्हणाले.

कडा तोच होता. मेंढ्याही त्याच होत्या. पण आता तरण्या मेंढ्या त्यावरून पडू लागल्या. कोंडोपंतांना कळप विरळ झालेला दिसत होता. ते मनाशी म्हणाले, गेल्या असतील पलीकडच्या कुरणात. खरं तर त्यांना कळत होतं. पण कळलेलं सगळं मान्य केलं तर माणूस जाणकार कसा राहील?

धुरपदाला मात्र झोप लागेना. एका सकाळी ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

“अवं, तुमी एक डाव म्हना की तंगूस चांगला हाय. तुमी म्हनलं की समदे म्हनत्यात. माझी कोकरं वाचत्याल.”

“धुरपदे, मी मनात नाही ते कसं म्हणू?”

“मग मनात काय हाय त्ये तरी बगा. डोळं मिटून ऐका. कंची तार हाय त्ये कुनी सांगायचं न्हाई. त्यात तात चांगली निघाली तर मी कोकरं घिऊन गप ऱ्हाईन.”

कोंडोपंतांना ही कल्पना आवडली. परीक्षा द्यायला त्यांची तयारी नेहमीच असे, कारण आजवर त्यांची कुणी घेतली नव्हती.

संध्याकाळी सगळं जंगल लोटलं. खारूताई युकुलेले घेऊन वारुळामागे गेली. आधी एका प्रकारच्या तारांवर वाजवायचं, मग तारा बदलून तेच गाणं पुन्हा. कोंडोपंत पुढे बसले. डोळे मिटले.

पहिल्यांदा वाजलं. कोकरू असताना आईच्या कुशीत शिरून ते पावसाचा आवाज ऐकत, तसं त्यांना वाटलं. कधी नव्हे ते त्यांनी खरोखर ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं. ते इतके सुखावले की ससा शेजारी आहे हेही विसरले.

मग खारूताईने तारा बदलल्या. दुसऱ्यांदा वाजलं. ठीक वाजलं.

“पहिली!” कोंडोपंत म्हणाले. “पहिलीच ती तात. दुसरा तंगूस. आंधळ्यालासुद्धा कळेल.”

खारूताई वारुळामागून बाहेर आली. तिला या साऱ्याचा इतका वैताग आला होता की तिने आडपडदा ठेवला नाही. “पहिला तंगूस होता,” ती म्हणाली. “ओढ्याकाठचा. दुसरी तात.”

सगळी सभा कोंडोपंतांकडे पाहू लागली.

आता कोंडोपंतांना एकच शब्द बोलायचा होता. ‘चुकलो.’ तेवढ्याने भागलं असतं. मंडळी हसली असती, कोकरं वाचली असती, तंगूस परत आला असता, आणि उद्यापासून कोंडोपंतांनी तो सुंदर नाद रोज फुकट ऐकला असता. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. धुरपदा त्यांच्याकडे जीव एकवटून पाहत होती.

तेवढ्यात त्यांना सशाच्या मिशा थरथरताना दिसल्या. ससा हसू दाबत होता.

कोंडोपंतांनी घसा साफ केला. “बरोबरच आहे,” ते म्हणाले. “मला हेच सिद्ध करायचं होतं. ही तात मुळातच चुकीच्या जनावराची आहे. म्हणून तिच्यापुढे तंगूससुद्धा बरा वाटतो. योग्य जनावराची तात अजून कुणी ऐकलेलीच नाही.”

“ओहोहो!” सभा म्हणाली. सशाच्या मिशा थांबल्या.

तरसशेठ पुढे सरकले. “पंत, योग्य जनावर म्हणजे कसं? सांगून ठेवा. आम्ही आपले हुकमाचे ताबेदार.”

“मधल्या वयाचं,” कोंडोपंत म्हणाले. त्यांना आता स्फुरण चढलं होतं. “कोवळ्याची तार किंचाळते, म्हाताऱ्याची घोरते.”

“खाणं?”

“हरळी. तीही कोवळी. वाळकं गवत खाणाऱ्याच्या तातीला खरखर येते.”

“उन्हात हिंडणारं चालेल?”

“छे छे! सावलीत बसणारं पाहिजे. पळापळीने आतडं कडक होतं.”

“अवं, गप ऱ्हावा,” धुरपदा त्यांची लोकर ओढत कुजबुजली. “त्यो तुमचंच सांगाय लावतुया.”

पण उतारावर लागलेला धोंडा आणि बोलायला लागलेला जाणकार कुणाच्या बापाला थांबत नाही. “मादी नको,” कोंडोपंत म्हणाले. “मादीच्या तारेत काळजी ऐकू येते. नर हवा. शिंगं डौलदार. आणि मुख्य म्हणजे, जन्मभर उत्तम संगीत ऐकलेला. ते सूर आतड्यात मुरलेले असतात.”

तरसशेठनी हात जोडले. “असं जनावर आपल्या जंगलात एकच आहे, पंत.”

सगळे वळून पाहू लागले. कोंडोपंतांनीही वळून पाहिलं. मागे तसं कुणीच नव्हतं.

मग त्यांना कळलं. घरी जाऊन धुरपदेच्या पाठीला पाठ लावून बसावं आणि जन्मात पुन्हा कशावरही मत देऊ नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

“आता तरी म्हना चुकलं,” धुरपदा रडत म्हणाली. “तुमाला कोन खात न्हाई त्यापायी.”

“म्हणजे गुरुजींची पारख चुकली होती का?” सशाने फार आदराने विचारलं.

कोंडोपंतांनी मान ताठ केली. “पारख चुकलेली नाही,” ते म्हणाले. “वर्णन अचूक आहे, एवढं तरी कबूल कर, धुरपदे.” आणि ते तरसशेठच्या मागोमाग चालू लागले. जाताना सभेने टाळ्या वाजवल्या. त्या ऐकू याव्यात म्हणून कोंडोपंत अगदी हळू चालत होते.

धुरपदा तिथे थांबली नाही. टाळ्या चालू असतानाच तिने कोकरं गोळा केली, उरलेल्या मेंढ्यांना हाक मारली आणि ओढा ओलांडून ती पलीकडच्या रानात निघून गेली. तिने मागे वळून एकदाच पाहिलं आणि ती थुंकली. कुणावर ते समजलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात कोंडोपंतांची तात तयार झाली. दिसायला झकास होती. जांभळीखाली मोठी सभा भरली. आधी ससा कोंडोपंतांच्या त्यागावर बोलला आणि बराच वेळ बोलला. मग खारूताईने तात चढवली आणि खुंटी पिळायला घेतली. एक पीळ दिला, दुसरा दिला. तार सुरापर्यंत पोचायच्या आतच तट्‌कन तुटली.

सगळे सशाकडे पाहू लागले. ससा आता पुढच्या जागेवर बसत असे.

“एवढा ताण सोसवत नव्हता,” ससा नाक मुरडून म्हणाला, “तर आधी सांगायचं होतं.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं तुमच्या घरी कुणी म्हणत असेल. पण ती म्हण शेळीची आहे. शेळीला निदान ओढत न्यावं लागतं.

तात्पर्य : मुलांनो, चूक कधीही कबूल करू नका. चूक कबूल करणारा घरी जातो, गवत खातो, नातवंडं खेळवतो आणि एके दिवशी म्हातारा होऊन मरतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. न करणाऱ्याची निदान तार तरी होते. ती वाजत नाही, हा भाग वेगळा.