अकरावा कोट

साहेबरावला आयुष्यात 'नाही' म्हणायची सवय नव्हती, कंपनीत तर मुळीच नाही. म्हणून पुण्याहून शेंद्र्याच्या कारखान्यात आलेले नवे मॅनेजर इंद्रजीत सर जेव्हा म्हणाले, "नाताळच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी सांताक्लॉज होऊन चार पब फिरायचे, दुपारी तीनपासून, टीम बिल्डिंग!" तेव्हा स्टोअरकीपर साहेबरावनं सगळ्यांत आधी मान डोलावली. (पब म्हणजे जालना रोडवरचे जुनेच परमिट रूम, दिवे तेवढे कमी केलेले.)

घरी हे सांगितलं, तर सुकेशनीनं तव्यावरची भाकर करपू दिली.

"त्याच दिवशी माझ्या मावसभावाचं लगीन हाय, इथंच जालना रोडला. गोरज मुहूर्त. इसरले?"

"साडेसहाला मांडवात हजर. अन् कोरडा! एक थेंब घेतला तर नाव बदलीन."

"त्याच्या साखरपुड्यातबी असंच म्हणले होते. दोन पेग झाले अन् माझ्या बापाला 'काय रं पोरा' म्हणले!" तिनं करपलेली भाकर परातीत आपटली. "सगळं लासूर स्टेशन गाव हसलं. या खेपेला माझ्या माहेरात अब्रू गेली ना, तर मी तिकडंच राहीन. सांगून ठेवते."

हे मात्र साहेबरावला लागलं. बायको खरंच गेली तर काय, या विचारानं त्याला रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून त्यानं देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढं शपथ घेतली. आता प्राण गेला तरी बेहत्तर.

गुलमंडीच्या बाजारात सांताचे ड्रेस ढिगानं होते, पण साहेबरावच्या पोटाला पुरेल असा एकही नव्हता. शेवटी ओळखीचे बँडवाले इब्राहीमभाई धावून आले.

"अपना झांजवाला मुनीब बुखार में पडेला है. उसका कोट ले जाव. लाल का लाल, ऊपर से सोनेरी झालर! असली सांता देखेगा तो जलेगा."

दाढीसाठी गादीवाल्याकडचा कापूस आणला आणि सुताराच्या गोंदानं चिकटवला. गोंद पक्का होता. (ही गोष्ट नंतर कळली.)

पहिल्या बारमध्ये साहेबरावनं लिंबू सरबत घेतलं. दुसऱ्यातही सरबत. तिसऱ्याच्या दारात वेटरनं त्याला अडवलं, "बँडमास्टर, तुम्ही बाहेर थांबा. पार्टीवाले आत बसतील." तरी तो आत गेला. सर म्हणाले, "साहेबराव, माझ्याखातर एक!"

"नाय सर!"

कंपनीतल्या अकरा वर्षांतलं त्याचं हे पहिलं 'नाय'. ते इतक्या जोरात निघालं, की शेजारच्या टेबलावरच्या माणसानंही ग्लास खाली ठेवला. साडेपाच वाजले होते. चौथा बार सोडून साहेबराव तडक मांडवाकडं निघाला. छाती फुगली होती. सरबतानं पोटही फुगलं होतं.

दाराबाहेर पाऊल टाकलं आणि समोर परण्या, नवरदेवाची मिरवणूक! सुकेशनीचा मावसभाऊ नवरदेव होऊन घोड्यावर, मारुतीला जाऊन मांडवाकडं निघालेला, आणि बँड मात्र गप्प उभा. घोड्यापुढं फेटेवाले एक गृहस्थ बोट नाचवत लाल कोट मोजत होते. ते सोनाजीमामा, सुकेशनीचे सख्खे मामा.

"अकरा माणसं ठरले होते. हे दहाच भरत्यात! अकरावा येईस्तोवर घोडा हलायचा नाय!"

इब्राहीमभाई घामाघूम झाले होते. तेवढ्यात त्यांना साहेबराव दिसला.

"वो देखो मामू, आ गया अकरावा!"

साहेबरावच्या तोंडचं पाणी पळालं. मी जावई आहे म्हणावं, तर पाठीमागं बारचा बोर्ड लखलखतोय. बरं, ओढूनही न निघणाऱ्या त्या दाढीत तो कुणाला ओळखूही येत नव्हता. आणि परण्या तरी कुठं चाललाय? मांडवातच की! वेळेवर, आणि कोरडा!

त्यानं मुनीबच्या झांजा उचलल्या. जिद्दीचा माणूस, मागं हटणारा नव्हे. बँड एकीकडं, झांजा दुसरीकडं. घोडा दोनदा बुजला, नवरदेवानं आयाळ गच्च धरली. पण सव्वासहाला मांडव आला.

सुकेशनी दारातच होती. तो झांजांसकट तिच्यापुढं वाकला.

"घे वास!"

आवाज ओळखून ती दचकली. मग तिनं वास घेतला. नुसतं लिंबू! तिचे डोळे पाण्यानं भरले. "खरंच की हो," ती म्हणाली. एवढ्या प्रेमानं ती लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली असावी.

"आं? जावईबापू?" मामा मागंच उभे होते. "तुम्ही बँडात? कंपनीनं काढलं का काय?"

पाचपंचवीस बायका गर्रकन वळल्या. कुणीतरी "अरारा" म्हणालं. सुकेशनीनं नवऱ्याकडं पाहिलं. पिणारा जावई माहेरानं एकदा पचवला होता, बँडातला पचला नसता.

"नाय मामा, नोकरी हाय! त्यांनी जरा... जास्त घेतलीया." आणि साहेबरावला चिमटा काढून ती पुटपुटली, "झोक जाऊ द्या की! माझी अब्रू राखा."

साहेबरावनं देवाला हात जोडले आणि झोक दिला. एक डावीकडं, एक उजवीकडं. जमेल तेवढी जीभही जड केली. "काय रं पोरा," तो मामांना म्हणाला.

मामांनी त्याला खांद्याला धरून सरळ उभं केलं. तोंडाजवळ नाक नेलं, पुन्हा एकदा नेलं, आणि ते कळवळले.

"पोरी, नवऱ्यापायी खोटं बोलू नको. ह्यो माणूस साफ शुद्धीत हाय. खरं सांग, नोकरी कधी गेली?"