शून्याचं टोक

पोलीस ठाण्यात प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं. हवालदारांचं काम टेपचं शून्याचं टोक धरून उभं राहायचं होतं, आणि ते त्यांनी एकोणीस वर्षं निष्ठेने केलं. टेप कापडी, पन्नास मीटरची. दुसरं टोक साहेबांच्या हातात असे.

कुणी तक्रार घेऊन आलं की साहेब त्याला खुर्ची देत, पाणी देत आणि आस्थेने विचारत, "घडलं नेमकं कुठं?" जागा कळली की दोघे टेप घेऊन निघत. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी ठाण्याची हद्द संपत असे आणि साहेबांची कर्तबगारी सुरू होत असे. एका बाईंची पर्स खांबाच्या अलीकडे हिसकावली गेली.

"तुम्ही ओरडलात कुठं?" साहेबांनी विचारलं.

बाई चोरामागे धावल्या होत्या, त्यामुळे ओरडल्या त्या खांबाच्या पलीकडे.

"मग गुन्हा तिकडचा. ओरडेपर्यंत तो तुमच्या दोघांतला मामला होता."

एका गृहस्थांची स्कूटर दारातून गेली. बायकोने फोनवर कळवलं तेव्हा ते ऑफिसात होते, म्हणून गुन्हाही ऑफिसकडच्या ठाण्यात गेला. वर्षअखेरीस साहेबांच्या ठाण्यात गुन्हे शून्य. पेपरात फोटो छापून आला, ठाण्याला ढाल मिळाली. पर्सवाल्या बाईंनी आणि स्कूटरवाल्यांनी ती बातमी आपापल्या घरी वाचली. दोघांनाही वाटलं, एवढ्या चांगल्या भागात आपलंच एक प्रकरण तेवढं वेगळं निघालं. पुढे साहेबांनी वर्दी उतरवून निवडणूक लढवली, तेव्हा दोघांनीही त्यांनाच मत दिलं. साहेब आमदार झाले. निवृत्त हवालदार त्यांच्या कार्यालयात रुजू झाले, येताना टेप घेऊन.

सभागृहात साहेबांनी तक्रार शिस्त विधेयक मांडलं. यापुढे जागेचा मोजमापासह नकाशा तक्रारदारानेच आणायचा आणि त्यावर हद्दीच्या दोन्हीकडच्या ठाण्यांच्या सह्या घ्यायच्या. विरोधक तुटून पडले. नकाशाची एकच प्रत का, तीन का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. सरकारने ही सूचना मोठ्या मनाने स्वीकारली आणि विधेयक एकमताने मंजूर झालं. प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. तिथे टाळ्यांना बंदी असते, हे त्यांना बाहेर काढल्यावर कळलं.

कायदा लागू झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात हवालदारांचे वडील हरवले. अण्णांचं वय ब्याऐंशी, अलीकडे विसरायला होत असे. सकाळी चपला घालून फाटकाबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. सुनेचा फोन आला तेव्हा हवालदार कार्यालयात होते. ते धापा टाकत आपल्या जुन्या ठाण्यात पोचले.

"हरवले कुठं?" टेबलावरच्या तरुण अंमलदाराने विचारलं.

"ते माहीत असतं तर हरवले कशाला म्हटलं असतं?"

"काका, रागावू नका. नकाशाशिवाय मला लिहिता येत नाही. बरं, तुम्हाला कळलं कुठं?"

"कार्यालयात."

"मग ते ठाणं वेगळं."

त्या वेगळ्या ठाण्याचं म्हणणं पडलं की आजोबा घरून निघाले, म्हणजे प्रकरण घराकडचं. चार फेऱ्या झाल्यावर हवालदार साहेबांपुढे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, एक फोन करा. अंगात स्वेटर नाही त्यांच्या, आणि बाहेर गारठा किती आहे."

साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "कायदा मीच केला आणि मीच फोन केला, तर लोक काय म्हणतील? उद्या सकाळी आपण स्वतः मोजून नकाशा काढू. तुमच्यासाठी शून्याचं टोक मी धरतो."

एका आमदाराने याहून जास्त काय करायचं? दुसऱ्या दिवशी फाटकापासून मोजणी सुरू झाली. पन्नास पन्नास मीटर करत दोघे दुपारी कोपऱ्यावर आले. दिव्याच्या खांबाखालच्या बाकावर अण्णा बसले होते. अंग तापाने फणफणलं होतं आणि मुलाची ओळख पटत नव्हती.

"कालपासून बसलेत," अलीकडचा फळवाला म्हणाला. "म्हटलं, पलीकडचे असतील."

"आम्हाला वाटलं अलीकडचे," पलीकडचा इस्त्रीवाला म्हणाला.

हवालदारांनी हातातलं टोक टाकलं आणि वडिलांना उचलायला वाकले.

"जरा थांबा," साहेब हळूच म्हणाले. "आधी बाकाची नोंद घेऊ."

हवालदार पहिल्यांदाच थांबले नाहीत. पण पाचव्या दिवशी दवाखान्यात अण्णा वारले. तक्रार लिहिली जाण्याआधीच ते सापडले होते, त्यामुळे त्या वर्षीच्या अहवालात हरवलेल्या व्यक्ती शून्य. पेपरात पुन्हा साहेबांचा फोटो आला. हवालदारांनी तो बराच वेळ पाहिला.

पुढच्या निवडणुकीत मतदानाच्या रांगेत हवालदारांच्या पुढे पर्सवाल्या बाई होत्या आणि मागे स्कूटरवाले. तिघे हवापाण्याचं बोलले. आत गेल्यावर हवालदारांचं बोट आधी दुसऱ्याच बटणाकडे गेलं. मग त्यांना वाटलं, एवढ्या चांगल्या भागात आपलेच अण्णा तेवढे वेगळे निघाले. त्यांनी साहेबांचं बटण दाबलं.

त्यांना हसू नका. तुमचीही कधी एखादी पर्स गेली असेल, स्कूटर गेली असेल, एखादं माणूस गेलं असेल. त्या वर्षीचा आकडा तुम्हीही वाचला होता, आणि रांगेत शेजारच्याशी तुम्हीही हवापाण्याचंच बोलला होतात.