रूथबाईंचा प्रश्न

आमच्या सोनगावच्या चर्चमध्ये विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत बाकावर बसून राहतो. दिसायला तो तुमच्याआमच्यासारखाच असतो. फक्त गीताला उभा राहत नाही आणि दानाची पिशवी समोर आली की खिडकीबाहेर बघतो.

याचा कुणाला त्रास नव्हता. पण यंदा सेक्रेटरी विल्सन भांबळ यांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि निम्मे बाक प्रश्नांनी भरलेले. मुलाकडची माणसं कुठं बसवायची, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही. आणखी एक जागा गेली असती. विल्सनराव पाळकांना एवढंच म्हणाले, "पाळकसाहेब, लग्नाआधी यांना उत्तरं देऊन टाका."

लोंढे पाळक शास्त्र उघडून पुढच्या बाकापासून सुरू झाले. जलप्रलयाच्या वेळी तारवात मासे घेतले होते का, हा प्रश्न "त्यांना पाण्याची कसली भीती?" एवढ्यावर ओशाळून उठून गेला. आदामाचा थोरला मुलगा काईन, त्याची बायको कोण, हा मिशनरी साहेबांच्या काळापासून बसलेला.

"आदामाला आणखी मुलं झाली, मुलीही झाल्या," पाळक म्हणाले. "बहीणच असणार."

प्रश्न उठला, तोच विल्सनराव बोलून गेले, "बहीण चालायची?" त्याच जागी नवा येऊन बसला.

"मनाई करणारं नियमशास्त्र पुष्कळ नंतर आलं," पाळक घाईनं म्हणाले, आणि विल्सनरावांना बाहेर थांबायला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावरचा एकच उरला. तो रूथबाईंचा. रूथबाई मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचे यजमान बेंजामिन मास्तर मागच्या वर्षी प्रभूमध्ये झोपी गेले. पाळकांनी रूथबाईंना बोलावून घेतलं.

"पुनरुत्थानात लग्नं नसतात म्हणता," रूथबाई म्हणाल्या. "मग आमचे हे मला ओळखतील का?"

"ओळखतील. प्रभू मेलेल्यांतून उठल्यावर मरीयेनं त्याला ओळखलंच की."

"आधी माळी वाटला तिला."

"पण नावानं हाक मारल्यावर ओळखलं."

प्रश्न अर्धा उठला. रूथबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "ओळखतील हो. पण शेजारी बसतील का?"

प्रश्न परत खाली बसला.

पाळकांनी बराच वेळ पानं चाळली. मग शास्त्र मिटलं. "मला ठाऊक नाही, रूथबाई. ठोकून दिलेलं उत्तर यांना बरोबर कळतं. उठत नाहीत."

"नका देऊ मग," रूथबाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

लग्न झालं. नवऱ्या मुलाची आत्या दाटीवाटीनं त्या प्रश्नाशेजारीच बसली आणि "तुम्ही मुलीकडचे का?" असं विचारून गेली. तिचा तो प्रश्न मुलीच्या मामानं जागच्या जागी मिटवला. जेवणात रूथबाईंच्या प्रश्नालाही बिर्याणीचं ताट दिलं. त्यानं काकडी तेवढी बाजूला काढली.

मंडप उतरताना कमिटी पायरीवरच बसली. आपला प्रश्न सभासदाला घरी नेता येईल, मात्र रविवारी उपासनेला आणावा लागेल, असं एकमतानं ठरलं. विल्सनरावांनी अनुमोदन दिलं.

रूथबाईंनी फाटकाशी रिक्षा थांबवली.

"दोन सीट का, मावशी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

रूथबाई आत सरकल्या आणि शेजारी जागा केली.

"दोन," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश घे रे. त्याला सवय नाही."