लिंबात मुरलेला दगड

शेजाऱ्यांच्या ओट्यावरचा दगड उचलून मी तो लिंबाच्या लोणच्यात घातला होता. फोडी वर येऊ नयेत म्हणून बरणीत दडपण हवं होतं, एवढंच. मी तेव्हा पस्तिशीची, गृहविज्ञान घेऊन बी.ए. झालेली आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा समजुतीतली. नातवंडं आता विचारतात, "आजी, तू खरंच एवढी मठ्ठ होतीस?" मी म्हणते, "जास्तच. ही त्यातली सांगण्यासारखी गोष्ट आहे."

दगड नामदेवभाऊंचा. सारा जन्म बोअरिंगच्या गाडीवर गेलेला माणूस. चंद्रपूरपासून मुलचेऱ्यापर्यंत कोणत्या गावाखाली कोणता दगड, हे तोंडपाठ. वर कोण राहतं ते मात्र आठवत नसे. ओट्यावर दोनच दगड मांडलेले. एक काळा कुळकुळीत. दुसरा कोरपन्याकडचा, पिवळट चुनखडीचा, अंगभर बारीक रेघा. चहाच्या आधी पाहुण्याला दोन्ही हातात घ्यावे लागत.

"हा काळा आगीतून निंगाला. एकदा तापला, थंडा झाला, मामला खतम. आन हा गाळाचा. पाण्याखाली थरावर थर बसून बसून झाला. घाई नाई त्याले."

माणसांचीही त्यांनी हीच वाटणी केली होती. आमचे हे काळ्यातले: "साहेब भडकते, पाच मिनटात थंडे." सासूबाई गाळाच्या: "वीस सालाचा एकेक थर जपून हाये." आणि मी? "तुमी अजून पक्क्या झाल्या नाई, बाई. सध्या चिखल हाये."

भाषणाचा शेवट ठरलेला. "काळ्यावर लिंबू पिळा, काई होत नाई. चुनखडी मातर लिंबाले भेते." हे मी दोनशेदा तरी ऐकलं असेल, मान डोलावत, मनात संध्याकाळची भाजी ठरवत.

भाऊ आठ दिवस आरमोरीला लेकीकडे गेले. काळा दगड बरणीच्या तोंडातून जाईना, पिवळा अगदी मापाचा. घासून, पुसून घातला. दुसऱ्या दिवशी बरणीत फसफस सुरू झाली. मी खूश, लोणचं मुरतंय म्हणून! आठवड्याने दगड काढला, तर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. रेघा गेलेल्या. लोणच्यातला आंबटपणाही गेलेला.

सासूबाईंनी तो पाहिला आणि माझ्या हातातून काढून घेतला. "अवं, हा सुलोचनाचा दगड. कापूस वेचताना सापडला तिले, पदरात बांधून आनला होता. बायको गेल्यापासून भाऊ त्याले रोज पुसते."

भाऊंची बायको मी लग्न होऊन या घरात येण्याआधीच गेली होती. तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतक्या वेळा तो दगड हातात घेतला, पण कुठून आला हे कधी विचारलं नव्हतं.

भाऊ परतले त्याच संध्याकाळी दगड आणि बरणी घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेले. सगळं सांगून टाकलं. ते दगडावरून अंगठा फिरवत राहिले, जिथे रेघा होत्या तिथे. मग बरणीतली एक फोड काढून तोंडात टाकली. बराच वेळ चघळली.

"बिघडलंय, भाऊ," मी म्हटलं. "फेकून देते." आणि बरणी उचलायला गेले.

त्यांनी बरणीवर हात ठेवला.

"फेकता काऊन, बाई? तिच्या रेघा याच्यातच उतरल्या ना. राहू द्या इथी. रोज थोडं थोडं खाईन. घाई नाई मले."