बाईंच्या टीव्हीवरच्या मुंग्या

दुपारची भांडी विसळून झाली की बाई टीव्ही लावत. त्यावर काहीच दिसत नसे. वारूळ फुटल्यासारखा काळ्या-पांढऱ्या मुंग्यांनी पडदा वळवळे आणि कढईत सारखं काहीतरी तळत असल्यासारखा आवाज येई. बाई समोरच्या वेताच्या खुर्चीत बसून विणकाम करत. खुर्च्या दोन होत्या. दुसरीत लोकरीची पिशवी बसे.

तेव्हा घरोघर नुकतीच केबल आली होती. गच्चीवरच्या अँटेना लोकांनी भंगारात दिल्या, कपडे वाळत घालायला तारा बांधल्या. एकट्या बाईंची अँटेना तेवढी उभी होती, तीही वाकडी. दूरदेशी नोकरी करणारा मुलगा रविवारी फोनवर म्हणे, "आई, तो डबा दे कुणालातरी. मी नवा पाठवतो."

"चालतोय की."

"काय दिसतं त्यावर?"

"बरंच काही."

मग मुलगा, औषधं वेळेवर घेतेस ना, असं विचारी.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जन्मभर मुलांनी त्यांच्या पेपरात विश्वाची सुरुवात बरोबर लिहिली, गुण घेतले आणि घरी जाऊन ज्याच्या त्याच्या आजीने सांगितलेलीच खरी मानली. बाईंना याचं वाईट वाटत नसे. वर्ग भरलेला होता, तोवर तरी वाटत नव्हतं.

एका दुपारी दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरचे घड्याळजी उभे. सारी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. बायको वारली, मग मुलाने दुकान विकलं आणि घड्याळजी दिवसभर घरातच बसू लागले. डोळ्याला भिंग लावायची इतकी सवय की माणसाकडे बघतानाही ते एक डोळा बारीक करत.

"बाई, रोज दुपारभर काय तळत असता हो तुम्ही?"

"तळत नाही. टीव्ही आहे तो."

घड्याळजींनी मान आत घातली. "यात तर काही दिसत नाही."

"मुंग्या दिसतात."

"मुंग्या बघता तुम्ही?"

इथे बाईंनी "आवाज कमी करते हं" म्हटलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण त्या पडल्या हाडाच्या मास्तरीण. कुणी प्रश्न विचारला की हात आपोआप खडू शोधायचा.

"घड्याळजी, या साध्यासुध्या मुंग्या नव्हेत. यातली शंभरातली एखादी थेट विश्वाच्या सुरुवातीपासून निघालेली आहे. तेव्हा सगळं दाटीवाटीनं, भयंकर तापलेलं होतं. मग ते पसरत गेलं, निवत गेलं. त्या वेळचा उजेड अजून फिरतोय. तो आपल्या अँटेनात सापडतो."

"आणि बाकीच्या नव्व्याण्णव?"

"त्या इकडच्यातिकडच्या. मोटारी, मिक्सर, तळमजल्यावरच्या शिवणवालीचं मशीन."

"शिवणवालीचं मशीन आणि विश्वाची सुरुवात, दोन्ही एकाच पडद्यावर?"

"हो."

घड्याळजींनी डोळा आणखी बारीक केला. "बरं, मग त्या सुरुवातीच्या आधी किती वाजले होते?"

"आधी असं बहुधा काही नव्हतंच. वेळसुद्धा तेव्हाच सुरू झाली असं म्हणतात."

हे मात्र घड्याळजींच्या वर्मी लागलं. "अहो, घड्याळ बंद पडलं तरी वेळ जातच असते! आख्खं आयुष्य गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलोय मी हे. म्हणे वेळ सुरू झाली. किल्ली कुणी दिली मग?"

"बसा ना, सांगते."

"बसायला वेळ नाही," असं म्हणून घड्याळजी निघून गेले. खरं तर वेळेखेरीज त्यांच्यापाशी आता दुसरं काहीच नव्हतं.

जाता जाता जिन्यात त्यांना तीच शिवणवाली भेटली. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात टेप तशीच लटकवून बाईंच्या दारात हजर झाली.

"बाई, तुमच्या टीव्हीतून कसलेसे किरण येतात म्हणे? सून पोटुशी आहे हो माझी. खाली नाही ना उतरणार ते?"

"अगं, घाबरू नकोस. ते सगळीकडेच आहेत. तुझ्या घरातसुद्धा आहेत."

धीर देण्याची ही पद्धत साफ चुकली. शिवणवालीने संध्याकाळच्या आत सुनेला माहेरी धाडलं. संध्याकाळी कामावरून आलेल्या तिच्या मुलाला बायकोच्या जागी कुलूपबंद कपाट दिसलं. तो तडक सेक्रेटरीकडे गेला.

सेक्रेटरी म्हणजे मतदानाचा भोक्ता माणूस. पाणी कधी सोडायचं, जिन्याला रंग कोणता, पायपुसणं दाराबाहेर किती यावं, सगळ्याला लोकांचे हात वर करून घ्यायचा. त्याच्या घरी भाजीसुद्धा बहुमताने ठरते आणि तो नेहमी हरतो, असं लोक म्हणत. त्याने रविवारी सकाळी जिन्याखाली सभा बोलावली.

बाईंना आनंद झाला. पुष्कळ दिवसांनी समोर बसलेली माणसं मिळणार होती. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि एका फुग्यावर शाईने ठिपके काढून तो बरोबर घेतला.

"हे ठिपके म्हणजे दूरदूरचे तारकांचे समूह," बाई म्हणाल्या. "आता बघा." त्यांनी फुंकर मारायला सुरुवात केली. मध्येच फुग्याचं तोंड चिमटीत धरून त्या समजावत. "कुठलाच ठिपका जागचा हलत नाही, पण मधली जागाच वाढते. आणि गंमत अशी, जो मुळातच लांब आहे तो जास्त वेगानं लांब जातो."

हे वाक्य त्यांनी वर्गात शेकडो वेळा म्हटलं होतं. आज कोण जाणे का, ते म्हणून झाल्यावर त्या क्षणभर फुग्याकडे बघतच राहिल्या.

"माझा पोरगा लांब राहतो," शिवणवालीच्या शेजारून कुणीतरी म्हणालं, "पण तो पैशाअभावी."

लोक हसले. बाईंनी दम घेऊन जोरात फुंकर मारली आणि फुगा फाटकन फुटला.

सेक्रेटरी खुर्चीवरून उडाला. शिवणवालीने "अगं आई गं!" म्हणून छाती धरली. घड्याळजी तेवढे शांत होते. "बघा," ते म्हणाले, "यांचं विश्व."

त्यानंतर सभा आटोपती घेणं सेक्रेटरीला सोपं गेलं. त्याने घसा साफ केला. "विश्वाला सुरुवात होती, हे ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत."

बाईंनी हात वर केला. शिवणवालीचा हात अर्धा वर गेला, पण तो केसांतली पिन खोचून खाली आला.

"विश्वाला सुरुवात नव्हती, असं प्रचंड बहुमतानं ठरलं," सेक्रेटरी म्हणाला. मग बाईंचा चेहरा पाहून त्याला कसंसंच झालं असावं. माणूस वाईट नव्हता. "पण बाई एकट्या राहतात. त्यांना धड टीव्ही दिसू नये, ही आपल्याला लाज आहे. सोसायटीतर्फे तो दुरुस्त करून द्यावा. हात वर?"

झाडून सगळे हात वर गेले. घड्याळजींचाही गेला.

"अहो, पण मला नकोय दुरुस्त..." बाई म्हणाल्या. तोवर खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या.

सोमवारी मेकॅनिक आला. त्याने टीव्ही उघडलासुद्धा नाही. गच्चीवर गेला, अँटेनाची वाकडी दांडी सरळ केली, तोंड फिरवलं आणि खाली आला. पडद्यावर एक गृहस्थ गुरांच्या खाद्याविषयी बोलत होते. अगदी स्वच्छ.

इमारत बघायला लोटली. "बाई, एवढंच होतं बघा!" सेक्रेटरी खुशीत म्हणाला. "तुमचं विश्व म्हणजे वाकडी दांडी हो!"

शिवणवालीने सुनेला परत बोलावलं. सगळ्यांचं भलं झालं.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हत्या, की ती दांडी यजमानांनी ठेवली होती तशीच होती. चित्र गेलं की ते गच्चीवर धावायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" बाई खिडकीतून ओरडायच्या, "नाही आलं!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं चालायचं. शेवटच्या खेपेला बराच वेळ खटपट करूनही काही आलं नाही. ते धापा टाकत खाली उतरले. म्हणाले, "राहू दे. उद्या बघू." तो उद्या काही उजाडला नाही. मुंग्या मात्र राहिल्या. त्या खरखरीत बसलं की वरून आता हाक येईल असं वाटायचं, आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तरी ती खरखर बघण्यासारखी होतीच. त्यामुळे बाईंना स्वतःलाही उत्तर द्यावं लागत नसे.

आता गृहस्थ गुरांच्या खाद्याविषयी बोलत. मग एक मुलगी गात असे. माणसं दिसत होती, बोलत होती आणि कुणीही बाईंकडे बघत नव्हतं. बाईंनी टीव्ही बंद केला. घर इतकं शांत झालं की सुया एकमेकींवर वाजलेल्या ऐकू येऊ लागल्या.

आठवडा गेला असेल. दुपारी दार वाजलं. घड्याळजी होते. डोळे लाल.

"बाई, तुमचा टीव्ही बंद पडला का?"

"दुरुस्त झाला."

"तेच म्हणतोय. बंद पडला." घड्याळजी उंबऱ्याशी घुटमळले. "दुपारची झोप गेली हो माझी. दुकानात इतकी घड्याळं टिकटिकायची की काय सांगू. घरी आलो तर नुसतं भुताटकीसारखं सामसूम. तुमचं ते तळण सुरू झालं की डोळा लागायचा."

"मग तक्रार कशाला केलीत?"

"तक्रार केल्याशिवाय वर यायचं कसं?" घड्याळजी म्हणाले आणि एकदम जिन्याच्या कठड्याकडे बघू लागले.

बाईंनी आत जाऊन टीव्ही लावला. मुलगी गात होती.

"दांडी कुठल्या बाजूला होती, आठवतंय?" घड्याळजींनी विचारलं.

"पिंपळाकडे तोंड. आणि शेंडा जरासा खाली." त्या थांबल्या. "ह्यांनी ठेवली होती तशी."

घड्याळजींनी एक डोळा बारीक केला, मान हलवली आणि गच्चीचा जिना चढू लागले. अर्ध्यातून वळून म्हणाले, "ते सुरुवातीचं मला अजिबात पटलेलं नाही हं, बाई. आधीच सांगून ठेवतो."

"नका पटवून घेऊ. जपून चढा."

थोड्या वेळाने वरून आवाज आला. "गेलं का?"

बाई खिडकीशी धावल्या. "नाही गेलं! गातेय अजून!"

"आता?"

"तोंड गेलं! हात दिसताहेत!"

"आता?"

"गेली, गेली... आली! थोडं पिंपळाकडे!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. सेक्रेटरीने डोकं बाहेर काढलं. "बाई, काय झालं? काही दिसत नाही का?"

पडद्यावर वारूळ फुटलं. कढई तडतडू लागली.

"काही म्हणजे काही दिसत नाही!" बाई आनंदाने ओरडल्या. "हलवू नका हो, घड्याळजी! राहू दे तसंच!"

घड्याळजी खाली आले. बाईंनी लोकरीची पिशवी खुर्चीतून उचलून जमिनीवर ठेवली. ते बसले, बराच वेळ मुंग्या बघत राहिले आणि पेंगता पेंगता मध्येच दचकून म्हणाले,

"पण त्याआधी किती वाजले होते, ते राहिलंच सांगायचं."

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी एक डोळा उघडला. "उद्या किती वाजता?"