चौकोनी खोडाचा पुदिना

लग्नानंतर जावई पहिल्यांदा सासुरवाडीला राहायला आला, तो एक गोष्ट सिद्ध करायचीच या तयारीनं. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणाऱ्या माणसाला इतरही बरंच काही कळतं, हे त्याला सासऱ्यांना दाखवायचं होतं. सासरे निवृत्त न्यायाधीश. आजवर ते त्याच्याशी "या" आणि "बसा" यापलीकडे बोलले नव्हते, आणि तेही निकाल सुनावल्यासारखं.

संधी बागेत चालून आली. सासूबाईंनी रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांच्या चिठ्ठ्या पाण्यानं धुऊन गेल्या होत्या, आणि कुठलं रोप कशाचं ते आता त्यांनाच कळेना. जावयानं एक खोड बोटांत फिरवलं. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, गारसर वास.

"पुदिना," तो म्हणाला. "डोळे मिटून सांगतो."

सासूबाईंनी कौतुकानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी आकाशाकडे पाहिलं.

संध्याकाळी सासरे अंगणात बसले आणि डास त्यांच्यावर तुटून पडले. जावयाला चेव आला. पुदिन्यापुढे डासांची काय बिशाद, म्हणत त्यानं मूठभर पानं चुरून सासऱ्यांच्या मानेला, दंडांना, पोटऱ्यांना स्वतःच्या हातानं चोळली. सासऱ्यांनी चक्क मान पुढे केली. जावयाला भरून आलं.

डास एकही फिरकला नाही, हे कबूल करायला हवं. मांजर आलं. भिंतीवरून उतरलं, सासऱ्यांची पोटरी हुंगली आणि डोळे मिटून तिला गाल घासू लागलं.

"मायाळू दिसतंय," जावई म्हणाला.

मग दुसरं आलं. मग गल्लीतली झाडून सगळी आली. कुणी दंड चाटतंय, कुणी चपलांवर गडाबडा लोळतंय, आणि शेजारच्या शिंपीणबाईंचा लठ्ठ बोका थेट सासऱ्यांच्या खांद्यावर. वडिलांना लहानपणापासून मांजरांची धास्ती आहे, हे बायकोनं दाराआडून आत्ता सांगितलं. जावई मांजरं हुसकायला धावला, तर त्याच्याही हातांना तोच वास. दोन मांजरं त्याच्या बाहीला लोंबकळली.

सासूबाईंनी रोपवाटिकेत फोन लावला. कूळ पुदिन्याचंच, माळी म्हणाला, पण हे रोप वेगळं. याच्या वासानं मांजरं खुळावतात. सासूबाईंनी ते सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं.

"जावईबापू," सासरे मान न हलवता म्हणाले, "हा खांद्यावरचा उतरेल ना?"

"वास गेला की उतरेल."

"मग तोवर तुम्हीही बसा."

हललं की बोका नखं रोवायचा, त्यामुळे दोघांना बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चष्म्याचा नंबर का वाढतो इथपासून सुरुवात झाली आणि बोका कंटाळून निघून गेला तरी गप्पा चालूच राहिल्या.

सकाळी जावयाला नळाजवळच्या दगडावर काहीतरी हिरवंगार दिसलं. आता तो शहाणा झाला होता. वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि मगच सासू-सासऱ्यांना बोलावलं.

"शेवाळ," तो बेतानं म्हणाला. "फार दाट जातीचं आहे. उपटू नका, वाढायला वर्षं लागतात."

"पायपुसणं आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "काल धुऊन वाळत टाकलंय."

त्या उचलायला वाकल्या, तर सासऱ्यांनी हातानं थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "वाढतंय का बघू."