पाच कॉइल, चार जागा

गाडीची कॉइल मी स्वतःच बदलीन असं मी ठरवलं, तेव्हा माझ्यावर कुणीही जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणाला दोष द्यायचा प्रश्न उरत नाही. (सासऱ्यांना थोडा देता आला असता. पण सासऱ्यांना दोष देण्याची सोय आमच्या घरात नाही.)

त्याचं झालं असं. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना गाडीने इतके झटके मारले, की मी ती थेट स्पेअर पार्टच्या दुकानासमोर उभी केली. म्हणजे ती तिथे आपणहून बंद पडली. आमचा नेहमीचा मेकॅनिक आठ दिवस बाहेरगावी. दुकानदाराने डॅशबोर्डखाली एक छोटं यंत्र खुपसलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुसऱ्या नंबरची कॉइल गेलीय."

"म्हणजे काय होतं?" मी विचारलं.

"प्रत्येक प्लगला ठिणगी द्यायला एक कॉइल असते. चार प्लग, चार कॉइल. एक मेली की गाडी तीन पायांवर चालते. झटके मारते, उचलताना बंद पडते. किती दिवस चाललंय असं?"

"तीन-चार महिने असेल."

"मग तीन-चार महिन्यांपासून गेलीय. तुम्ही जुने ड्रायव्हर म्हणून चालवून नेलीत. नवीन शिकणाऱ्याच्या हातात दिली असती, तर जागच्या जागी बंद पडली असती."

हे ऐकून माझं धाबंच दणाणलं.

कारण ती गाडी गेले तीन महिने नवीन शिकणाऱ्याच्याच हातात होती. माझी बायको ड्रायव्हिंगच्या परीक्षेला दोनदा बसली होती, आणि दोन्ही वेळा चढावर उचलताना गाडी गचके खाऊन बंद पडली होती. मला ऑफिसला जाताना बसणारे झटकेही मी तिच्याच खात्यावर टाकले होते. दोन्ही वेळा घरी आल्यावर मी तिला क्लचवर व्याख्यान दिलं होतं. पहिलं अर्ध्या तासाचं. दुसऱ्याला तर आकृतीसुद्धा काढली होती. "तुझा डावा पाय," मी म्हटलं होतं, "तुझा डावा पाय म्हणजे पाय नाही, बटण आहे." आणि ती बिचारी स्वयंपाकघरात दोन चपला पुढे मांडून, खुर्चीत बसून, डावा पाय हळूहळू सोडण्याचा सराव करत होती. रोज. महिनाभर.

तिसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. आणि ती साधी हौसेची परीक्षा नव्हती. बायको एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. गेली सहा वर्षं तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून. आता लॅबने घरोघरी जाऊन नमुने घ्यायचं काम काढलं होतं आणि तिला ते हवं होतं. "दिवसातून चार वेळा तरी ऊन दिसेल हो मला," ती म्हणाली होती. पण त्याला लायसन्स हवं, आणि तिच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की शनिवारपर्यंत आणा, नाहीतर दुसरीचं नाव देतो. परीक्षा होती शुक्रवारी.

म्हणजे एकीकडे गाडी दुरुस्त व्हायलाच हवी होती. आणि दुसरीकडे ती बिघडलेली होती हे बायकोला कळता कामा नये होतं. निदान परीक्षा होईपर्यंत तरी. (पुढेही कधी कळलं नसतं तरी माझी काही हरकत नव्हती.)

"बसवायला अवघड आहे का?" मी दुकानदाराला विचारलं.

"छे! एक बोल्ट, एक क्लिप. जुनी उपसायची, नवी दाबायची. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं काम म्हणून मी सकाळी साडेसात वाजताच खाली पार्किंगमध्ये उतरलो. बायकोला सांगितलं, "गाडी जरा पुसून ठेवतो." ती चपला मांडून सरावाला बसली होती. मान वर न करता "बरं" म्हणाली.

बॉनेट उघडलं. इंजिनावर चार काळ्या कॉइल ओळीने बसलेल्या, तीन महिन्यांच्या, खरं म्हणजे सात वर्षांच्या धुळीत माखलेल्या. मी दुसरी उपसली. नवी काढून शेजारी धरली, आणि हातातला पाना तसाच राहिला. नवी कॉइल अशी चकाकत होती, की आंधळ्यालाही दिसावी. आणि परीक्षक काय करतो, तर आधी बॉनेट उघडायला लावतो, आणि ऑइल कुठे बघतात, पाणी कुठे भरतात ते विचारतो. बायको बॉनेट उघडणार. तीन कळकट आणि एक कोरी बघणार. मला विचारणार, "ही नवी कसली?" आणि मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात.

सरळ माणसाने काय केलं असतं? नव्या कॉइलला थोडी धूळ फासली असती. संपलं. पण मी आस्थापना विभागातला कारकून. आमच्याकडे नवी फाइल जुन्यासारखी दिसावी असा विचारच कुणाच्या मनात येत नाही. जुन्या फायलींना नवी कव्हरं घालतात. मी उरलेल्या तिन्ही कॉइल उपसल्या आणि पुसायला बसलो.

गोंधळ होऊ नये म्हणून आधी खाली त्या दिवसाचा पेपर अंथरला आणि त्यावर पेनाने पाच चौकोन आखले. १, २ खराब, ३, ४ आणि नवी. प्रत्येक कॉइल आपापल्या चौकोनात. एक उचलायची, रॉकेलच्या फडक्याने पुसायची, परत तिच्या चौकोनात ठेवायची. एकदा हात लागल्यावर मला त्यात गोडी वाटायला लागली. खराब कॉइलही मी पुसली. (फेकून द्यायची वस्तू कशाला पुसलीस, असं विचाराल तर उत्तर नाही. चौकोन होता, म्हणून पुसली.) पावणेनऊला पाचही कॉइल अशा झाल्या होत्या, की एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. मी खूश होऊन टाकीवर हात धुवायला गेलो.

परत येऊन बघतो, तर पाचही कॉइल जमिनीवर एकावर एक, नीट रचून ठेवलेल्या. आणि शेजारी पायरीवर सासरे पेपर वाचत बसलेले.

लेकीला शुभेच्छा द्यायला ते सकाळीच आले होते. ते सरकारी कोठारात भांडारपाल होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण पसरलेली वस्तू दिसली की अजून त्यांचा हात आपोआप तिकडे जातो.

"बाबा," मी म्हणालो. "यातली खराब कुठली?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खराब? सगळ्या नव्याच दिसताहेत की. छान ठेवल्यात हो जावईबापू. आणि हे आजच्या पेपरावर रेघोट्या कुणी मारल्यात? शब्दकोड्यावर 'खराब' लिहिलंय."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाच कॉइल, जागा चार. त्यांतली एक मेलेली. पाचही जणी सख्ख्या बहिणींसारख्या चकचकीत. मी त्या उचलून बघितल्या, हुंगून बघितल्या, कानाला लावून हलवूनही बघितल्या.

"काय ऐकू येतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग चांगलं आहे ना?"

आता एकच मार्ग होता. कोणत्याही चार बसवायच्या आणि गाडी सुरू करायची. नीट चालली, तर बाहेर उरलेली खराब. थरथरली, तर बाहेरची चांगली, आणि खराब आत. मग बाहेरची एकेका जागी घालून बघत जायचं. म्हणजे फार झालं तर पाच वेळा. मनातल्या मनात मी म्हटलं, एवढं काही नशीब वाईट नाही आपलं.

चार बसवल्या. चावी फिरवली. गाडी हिवताप झाल्यासारखी थडथडली.

बंद केली. पहिल्या जागेवरची काढून बाहेरची घातली. पुन्हा चावी. पुन्हा थडथड. साडेनऊ वाजले. दुसऱ्या जागेवरची बदलली. बोल्ट हातातून निसटून इंजिनाच्या कुठल्यातरी सांदीत गेला. तो काढायला पंचवीस मिनिटं गेली. सासऱ्यांनी टॉर्च धरला होता, पण तो ते स्वतःला बोल्ट दिसेल असा धरत होते. मला काहीच दिसत नव्हतं. चावी. थडथड. एव्हाना इंजिन तापलेलं. मी दोन बोटं भाजून घेतली आणि ती तोंडात घालून उभा राहिलो, तोच वरून हाक आली. "अहो, दहा वाजले! मी येतेय खाली!"

"सावकाश ये!" मी ओरडलो. "घाई काय आहे!"

ज्या माणसाने चौदा वर्षांत बायकोला एकदाही सावकाश ये म्हटलं नाही, त्याने ते म्हणायला नको होतं. ती दोन मिनिटांत हजर.

"हे काय चाललंय?"

"साफसफाई," मी म्हणालो. कान लाल झाले असावेत, पण तोंडभर काळं असल्यामुळे दिसले नाहीत.

"बाबा, काय करतायत हे?"

"इंजिन पुसतायत," सासरे म्हणाले. "सकाळपासून. मनापासून करतात हो."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला रडूच यायला लागलं. त्या नजरेत चक्क माया होती. आपल्या परीक्षेसाठी नवरा सकाळपासून राबतोय! ती बाबांना बाहेरपर्यंत सोडायला गेली, तेवढ्यात मी तिसरी बदलली. थडथड. आता चौथीशिवाय कुणी उरलंच नव्हतं. ती काढली, बाहेरची घातली, चावी फिरवली. आणि इंजिन इतकं शांत सुरू झालं, की ते सुरू झालंय हे कळायला मला बॉनेटवर हात ठेवून बघावं लागलं. पाचातली शेवटची! साडेदहाला पाच मिनिटं होती. चौथी कॉइल मी खिशात कोंबली आणि धाडकन बॉनेट लावलं.

परीक्षेच्या मैदानापर्यंत गाडी तिनेच चालवली. मी शेजारी. पहिल्या सिग्नलला गाडी लोण्यासारखी उचलली गेली. दुसऱ्याला तशीच. तिचा चेहरा असा फुलला, की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"बघितलंत?" ती म्हणाली. "एकही झटका नाही. तुम्ही सांगितलंत तसं केलं मी. डावा पाय हळूहळू. तुमचं ऐकलं म्हणून जमलं हो."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. त्याचा मला सराव आहे. पण हे आभार! मैदानावर रांगेत आमच्यापुढे दोन गाड्या होत्या.

"तुम्ही इतके का घामाघूम झालात? परीक्षा माझी आहे," ती हसत म्हणाली. "आज पास झाले ना, तर साहेबांना सांगणार आहे की शिकवणारा चांगला होता म्हणून—"

"अगं, तुझा पाय नव्हता!" माझ्या तोंडून निघून गेलं. "कॉइल होती!"

"काय होतं?"

मी सगळं सांगितलं. दुकानदार, ठिणगी, तीन पाय, पेपर, चौकोन. पुरावा म्हणून खिशातली कॉइलही काढून दाखवली. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिली. पुढची एक गाडी गेली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"आणि त्याआधीचे तीन महिने?"

"त्याआधी मला खात्री होती."

"कशाची?"

"तुझ्या पायाची."

तिने हँडब्रेक ओढला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "उतरा."

"अगं, पण चढावर—"

"खाली उतरा."

मी उतरलो आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. आता हिचं मन थाऱ्यावर राहणार नाही, गाडी चांगली असूनही ही तिसऱ्यांदा नापास होणार, आणि या वेळी दोष कॉइलचाही नसेल, निव्वळ माझाच असेल. परीक्षक गाडीजवळ आला. तिने बॉनेट उघडलं. तो आत वाकून बराच वेळ बघत राहिला. मग दोघं गाडीत बसली. गाडी निघाली, वळली, दोन खांबांच्या मधे उलटी जाऊन चौकोनात उभी राहिली. मग चढ आला. अर्ध्या चढावर त्याने थांबवायला लावलं. मी डोळे मिटून घेतले. मनात मोजायला लागलो. अकरापर्यंत मोजलं, उघडून बघितलं, तर गाडी चढाच्या पलीकडे दिसेनाशी झाली होती.

दहा मिनिटांनी ती हातात कागद घेऊन चालत आली. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"पास झालीस?"

तिने कागद पुढे केला. पास. शेऱ्याच्या जागी 'अत्यंत शांतपणे चालवतात' असं लिहिलेलं, आणि त्याच्यावरच एक भला मोठा काळा अंगठा उमटलेला.

"हे काय?"

"दाराच्या मुठीला तुमचा हात लागलेला. त्यांनी धरली, मग हातांना लागलं, मग पट्ट्याला, मग कागदाला." ती अजून हसली नव्हती. "मला विचारलं त्यांनी, इतकं चकचकीत इंजिन मी आजवर पाहिलं नाही, पण चारातले दोन बोल्ट नुसते ठेवलेत, आवळलेलेच नाहीत. हे काम कुणाचं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"भिंतीपाशी डोळे मिटून उभे आहेत ते, म्हटलं. आमचे मेकॅनिक."

मेकॅनिक! एवढं सगळं होऊनसुद्धा मी जरा सुखावलोच. "मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, तुम्ही पास आहात, पण तेवढा मेकॅनिक बदला. मी म्हटलं, आता चौदा वर्षं वापरलाय, परत कोण घेणार?"